फ्रीजमध्ये ठेवलं म्हणजे सुरक्षित झालं? ४५ अंशांच्या शेगावात फ्रीज आणि फ्रीजर कसा वापरायचा

मे महिन्यातली दुपार. शेगावात बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलर चालू आहे आणि नेमकी लाइन जाते. संध्याकाळी लाइन येते तेव्हा घरात एकच प्रश्न असतो. सकाळचं वरण, कालचा भात, भिजवलेली कणीक, दुधाचं पातेलं, यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं? आई वास घेऊन बघते, आजी म्हणते टाकून द्या, आणि कोणीतरी म्हणतं, "फ्रीजमध्येच तर होतं, काय होते?"

खरी अडचण याच शेवटच्या वाक्यात आहे. फ्रीज म्हणजे अन्न कायम ताजं ठेवणारं कपाट नाही. तो अन्न खराब होण्याचा वेग कमी करतो, आणि तेही आतलं तापमान योग्य असेल तरच. विदर्भातल्या उन्हाळ्यात ते तसं राहतंच असं नाही. मे २०२४ च्या अखेरीस शेजारच्या अकोला जिल्ह्यात उष्णतेच्या लाटेमुळे प्रशासनाने कलम १४४ लागू केलं होतं. अशा उन्हात फ्रीजवर काय ताण येतो, अन्न आणि औषधं कशी सांभाळायची आणि विजेचा धोका कसा टाळायचा, हे या लेखात समजून घेऊ.

फ्रीज नेमकं काय करतो?

फ्रीज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या नळ्यांमध्ये गॅस फिरतो. तो आतली उष्णता शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि मागच्या जाळीतून किंवा बाजूच्या पत्र्यातून ती उष्णता खोलीत सोडली जाते. म्हणूनच चालू फ्रीजची बाजू हाताला गरम लागते. तो बिघाड नाही, ते त्याचं कामच आहे.

यातून एक गोष्ट लक्षात येते. खोली जितकी तापलेली, तितकं उष्णता बाहेर टाकणं अवघड. टिनाच्या छपराखाली, गॅसच्या शेगडीला लागून किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटून ठेवलेला फ्रीज जास्त वीज खातो आणि तरीही कमी थंड करतो.

४३ अंशांच्या वर काय होतं?

फ्रीज विकत घेताना आपण लिटर, रंग आणि स्टार बघतो. पण फ्रीजच्या आत किंवा मागे चिकटवलेल्या लेबलवर आणखी एक गोष्ट लिहिलेली असते, ती म्हणजे क्लायमेट क्लास. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याचे चार प्रकार आहेत:

- एसएन: खोलीचं तापमान १० ते ३२ अंश सेल्सिअस
- एन: १६ ते ३२ अंश
- एसटी: १६ ते ३८ अंश
- टी, म्हणजे ट्रॉपिकल: १६ ते ४३ अंश

म्हणजे सगळ्यात जास्त उष्णतेसाठी बनवलेल्या वर्गाचीही हद्द ४३ अंशांवर संपते. हे तापमान फ्रीज ठेवलेल्या खोलीचं असतं, बाहेरचं नाही. स्लॅबच्या, हवेशीर घरात दुपारीही खोली इतकी तापत नाही. पण पत्र्याच्या घरात, बंद स्वयंपाकघरात, शेगडी चालू असताना ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. त्याक्षणी फ्रीज बंद पडतो असं नाही. मात्र कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो आणि आतलं तापमान हळूहळू वर सरकू लागतं.

त्यामुळे आपल्या भागात नवीन फ्रीज घेताना लेबलवर 'टी' आहे ना, हे दुकानदाराला विचारा. आणि फ्रीज घरातल्या सगळ्यात थंड, सावलीच्या जागी ठेवा. त्यासाठी तो स्वयंपाकघराबाहेर आणावा लागला तरी हरकत नाही.

आत किती तापमान हवं?

खालच्या भागात ५ अंश किंवा त्याहून कमी, पण शून्याच्या वर. फ्रीजरमध्ये उणे १८ अंश. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांमध्येही थंड अन्न ५ अंशांच्या खाली आणि गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवायला सांगितलं आहे. या दोन आकड्यांच्या मधला पट्टा जंतूंच्या वाढीसाठी सोयीचा असतो. उन्हाळ्यातला स्वयंपाकघराचा ओटा या पट्ट्याच्या अगदी मध्यावर येतो.

फ्रीजच्या आतलं बटण १ ते ५ किंवा १ ते ७ असं असतं. हे आकडे अंश नाहीत. आकडा मोठा म्हणजे थंडावा जास्त. हिवाळ्यात २ वर चालणारा फ्रीज मे महिन्यात ४ किंवा ५ वर न्यावा लागू शकतो, आणि पाऊस पडून हवा गार झाली की परत खाली आणावा लागतो.

मग तापमान कळणार कसं? फ्रीजसाठीचा साधा थर्मामीटर बाजारात आणि ऑनलाइन मिळतो. एका ग्लासात पाणी घेऊन त्यात तो बुडवा, ग्लास मधल्या कप्प्यात ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी दार उघडल्या उघडल्या आकडा बघा. सरकारी आरोग्य केंद्रांत लसी ठेवण्याच्या फ्रीजचं तापमान रोज दोनदा वहीत लिहिलं जातं. घरी एवढी गरज नाही. पण ऋतू बदलताना आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बघायला काहीच हरकत नाही.

फ्रीजरवरचे स्टार आणि विजेचे स्टार वेगळे

इथे अनेकांची गल्लत होते. दारावरच्या लेबलवर असतात ते ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, म्हणजे वीज वाचवण्याचे स्टार. ही लेबल लावण्याची योजना भारतात २००६ मध्ये सुरू झाली. या स्टारचा थंडाव्याशी थेट संबंध नाही.

बर्फाच्या कप्प्यावर काही वेळा चांदण्यांची खूण असते, ती वेगळी. एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८. अनेक सिंगल डोअर फ्रीजमधला बर्फाचा कप्पा उणे १८ पर्यंत जात नाही. त्यात बर्फ होतो, कुल्फी होते, पण मटण किंवा मासे महिनोन्महिने ठेवण्यासाठी तो नाही. अशा कप्प्यात कच्चं मांस ठेवलंच तर काही दिवसांत वापरून टाका.

फ्रीजरबद्दल आणखी एक समज दुरुस्त करायला हवा. गोठल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, ते झोपी जातात. वितळलं की पुन्हा कामाला लागतात. म्हणून गोठवलेला पदार्थ ओट्यावर नाही, तर फ्रीजच्या खालच्या भागात, खोलगट भांड्यात ठेवून वितळवा. बाहेर पूर्ण वितळलेला पदार्थ परत गोठवू नका.

दोन तासांचा नियम, आणि आपल्याकडे एक तासाचा

शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असा जगभर सांगितला जाणारा नियम आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाने त्याला एक पुस्ती जोडली आहे: बाहेरचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर फक्त एक तास. शेगाव, खामगाव, अकोला या पट्ट्यात मार्चपासून जूनपर्यंत दुपारी ३२ अंश ही थंड हवा म्हणायची. म्हणजे उन्हाळ्यात आपल्यासाठी एक तासाचाच नियम लागू होतो.

एवढी घाई कशासाठी? अनुकूल तापमानात काही जंतू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार असा हिशोब केला तर दोन तासांत एका जंतूचे ६४ होतात आणि सहा तासांत अडीच लाखांहून जास्त. सकाळी दहाला केलेली भाजी दुपारी चारला फ्रीजमध्ये ठेवली, तर आपण थंड करतोय ते आधीच बिघडलेलं अन्न.

"गरम भांडं फ्रीजमध्ये ठेवलं तर फ्रीज खराब होतो", हे अर्धसत्य आहे. उकळता गंज तसाच आत ठेवला तर आजूबाजूचे पदार्थ तापतात आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो, हे खरं. पण त्यासाठी अन्न चार तास बाहेर ठेवणं हा उपाय नाही. सोपी पद्धत अशी:

- वरण, भाजी, भात मोठ्या गंजातून काढून पसरट, कमी खोलीच्या भांड्यांत घ्या.
- परातीत गार पाणी घालून त्यात भांडं ठेवा आणि वर पंखा लावा. मधूनमधून ढवळा.
- वाफ गेली आणि भांडं हाताला कोमट लागलं की झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा.

भात, कणीक, दूध, कचोरी: कोणाचं काय?

भात. शिळ्या भाताचा फोडणीचा भात आपल्याकडे घरोघरी होतो. पण तांदळात बॅसिलस सिरीयस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यावरही टिकतात. भात रात्रभर बाहेर राहिला तर ते वाढून विष तयार करतात. हे विष फोडणी दिल्याने, परतल्याने नष्ट होत नाही. म्हणून भात गार करून लगेच फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वापरा आणि एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करा. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताची फोडणी करू नका.

कणीक. भिजवलेली कणीक फ्रीजमध्ये ठेवली की घरात भूतप्रेत येतं, असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतो. त्याला आधार नाही. खरा मुद्दा एवढाच की कणीक ओली असते, ती आंबते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. आंबट वास आला, काळी पडली किंवा चिकट तार आली तर टाकून द्या.

दूध. दूध दाराच्या कप्प्यात ठेवण्याची सवय सगळ्यांना असते. पण दार हीच फ्रीजमधली सगळ्यात गरम जागा. दर वेळी दार उघडलं की तिथे बाहेरची हवा लागते. दूध मागच्या बाजूला, आतल्या कप्प्यात ठेवा. दारात सॉस, लोणचं, पाण्याच्या बाटल्या चालतील.

कचोरी. शेगावला आलेला माणूस गजानन महाराजांचं दर्शन घेतो आणि जाताना कचोरीचा पुडा बांधून घेतो. गरम कचोरी बंद प्लास्टिकच्या पिशवीत घातली की आत वाफ धरते, सारण ओलं होतं आणि लवकर बिघडतं. कागदी पुड्यात, हवा लागेल अशी न्या आणि त्याच दिवशी खा. घरी पोचायला रात्र होणार असेल तर मे महिन्यात ती नेण्यापेक्षा इथेच खाल्लेली बरी. उरलेली घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची असेल तर गार झाल्यावर डब्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तव्यावर किंवा ओव्हनमध्ये आतपर्यंत गरम करून खा. सोबतची ओली चटणी मात्र कचोरीच्या आधी बिघडते, ती साठवू नका.

बटाटे आणि कांदे. यांना फ्रीजमध्ये जागा देऊ नका. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. असे बटाटे तळले की जास्त काळपट होतात आणि त्यात अ‍ॅक्रिलामाइड हा अपायकारक घटक जास्त तयार होतो. कांदा ओलाव्याने नरम पडून बुरशी धरतो. दोघांनाही टोपलीत, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवा, पण एकमेकांपासून दूर.

कच्चं मांस, मासे, अंडी. कच्चं मांस नेहमी सगळ्यात खालच्या कप्प्यात आणि बंद डब्यात ठेवा. त्याचं पाणी खालच्या कोथिंबिरीवर किंवा उघड्या भाजीवर ठिबकलं तर सगळा फ्रीज स्वच्छ असूनही उपयोग नाही.

एक सूचना गरोदर महिला, वयस्कर मंडळी आणि आजारी माणसांसाठी. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. त्यामुळे त्यांना उरलेलं अन्न देताना ते वाफाळतं गरम करूनच द्या. चार-पाच दिवसांचं अन्न "फ्रीजमधलंच आहे" म्हणून देऊ नका.

लाइन गेली तर किती वेळ चालतं?

सर्वसाधारण नियम असा सांगितला जातो: दार बंद ठेवलं तर फ्रीजमधलं अन्न ४ तास, गच्च भरलेल्या फ्रीजरमधलं ४८ तास आणि अर्ध्या भरलेल्या फ्रीजरमधलं २४ तास टिकतं.

पण हे आकडे आपल्याकडच्या उन्हाळ्यात जसेच्या तसे धरू नका. कारण साधं आहे. बंद फ्रीजमध्ये उष्णता किती वेगाने शिरते, हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आत ४ अंश आणि खोलीत २५ असेल तर फरक २१ अंशांचा. खोलीत ४२ असेल तर फरक ३८. म्हणजे उष्णता जवळपास पावणेदोन पट वेगाने आत येणार. या हिशोबाने ४ तासांचे साधारण सव्वादोन तास उरतात. म्हणून उन्हाळ्यात दोन तास हीच मर्यादा धरणं शहाणपणाचं. फ्रीजरमध्ये हा फरक थोडा कमी जाणवतो, तरी २४ तासांचे १७ च्या आसपास येतात.

लाइन गेल्यावर काय करायचं?

- दार उघडू नका. काय काय आहे ते बघायलाही नाही.
- पिण्याचं गार पाणी माठातून घ्या. बाटलीसाठी दर दहा मिनिटांनी दार उघडणं हे थंडावा घालवण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.
- फ्रीजरमध्ये नेहमीच पाण्याच्या एक-दोन गोठलेल्या बाटल्या ठेवा. लाइन जास्त वेळ गेली तर त्या खालच्या भागात दुधाजवळ ठेवता येतात. बाटली भरताना वर थोडी जागा सोडा, गोठताना पाणी फुगतं.
- लाइन आल्यावर थर्मामीटर बघा. आतलं तापमान दोन तासांपेक्षा जास्त काळ ५ अंशांच्या वर गेलं असेल तर दूध, शिजवलेलं अन्न, मांस टाकून द्या. लोणचं, तूप, सॉस, अख्खी फळं आणि भाज्या सहसा चालतात.

वास आणि चव यांवर भिसरू नका. आजार घडवणारे अनेक जंतू अन्नाचा वास किंवा रंग बदलत नाहीत. "जरा चाखून बघते" हा तपास कधीच करू नका.

घर बंद करून गावाला किंवा वारीला जाणाऱ्यांसाठी एक जुनी युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. नाणं तळाशी गेलं असेल तर मधल्या काळात बर्फ वितळून परत गोठला होता, म्हणजे फ्रीजरमधलं सगळं टाकायचं.

घरात इन्सुलिन असेल तर

ही बाब अन्नापेक्षाही महत्त्वाची आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालतं, असं आपण ऐकतो. पण या 'खोलीच्या तापमानाचा' अर्थ प्रकारानुसार २५ ते ३० अंशांपर्यंत असा आहे. मे महिन्यात शेगावातल्या कुठल्या खोलीत दुपारी ३० अंश असतात? तेव्हा तुमच्या इन्सुलिनच्या पाकिटावरची सूचना वाचा आणि डॉक्टर किंवा औषध दुकानदाराला विचारून घ्या.

फ्रीजमध्ये ठेवताना इन्सुलिन डब्यात घालून मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, बर्फाच्या कप्प्यात तर अजिबात नको आणि मागच्या थंड भिंतीला चिकटूनही नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. ते नेहमीसारखं दिसलं तरी त्याचा परिणाम कमी झालेला असू शकतो.

लाइन खूप वेळ गेली किंवा घरात फ्रीजच नसेल तर माठ कामी येतो. इन्सुलिन पाणी न शिरणाऱ्या डब्यात ठेवायचं. तो डबा छोट्या मडक्यात, छोटं मडकं मोठ्या मडक्यात आणि दोन्हींच्या मध्ये ओली वाळू. वर ओलं फडकं. वाळू सुकू द्यायची नाही. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तेव्हा हे जास्त चांगलं चालतं, म्हणून कोकणापेक्षा विदर्भातल्या उन्हाळ्यात माठाचं पाणी जास्त गार लागतं. मडकं फ्रीजइतकं थंड होत नाही, पण तापलेल्या खोलीपेक्षा औषध नक्कीच सुरक्षित राहतं.

वीज, अर्थिंग आणि गॅस

फ्रीजचं बाहेरचं अंग बहुतेक वेळा पत्र्याचं असतं. आतली वायर कुठे सोलली आणि पत्र्याला लागली तर हात लावणाऱ्याला शॉक बसतो. अनवाणी पाय, ओली फरशी आणि फ्रीजचं दार ही जीव घेणारी जोडी आहे. लहान मुलं तर खेळता खेळता धावत येऊन दार ओढतात.

- फ्रीजला तीन पिनांचाच प्लग हवा. तिसरी पिन कापणं किंवा दोन पिनांचं अ‍ॅडॉप्टर लावणं म्हणजे अर्थिंगच काढून टाकणं.
- घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून वर्षातून एकदा तपासून घ्या. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. खाऱ्या, ओलसर मातीत लोखंडी पाइप लवकर गंजतो. वरून वायर दिसते, पण खाली संपर्कच उरलेला नसतो.
- मेन बोर्डात ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी बसवा. वीज गळू लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो.
- फ्रीज एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. त्याला स्वतंत्र सॉकेट द्या.
- हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर "थोडा करंट मारतो" म्हणून सोडून देऊ नका. लगेच मेन स्विच बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत वापरू नका.

घरातली वीज २३० व्होल्टची असते, पण संध्याकाळी दाब कमीजास्त होतो. तुमचा फ्रीज किती व्होल्टपर्यंत स्टॅबिलायझरशिवाय चालतो, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. त्या मर्यादेबाहेर दाब जात असेल तर स्टॅबिलायझर लावा. लाइन लपंडाव खेळत असेल तर फ्रीजचं बटण बंद करा आणि लाइन स्थिर झाल्यावर ३ ते ५ मिनिटांनी चालू करा. आतल्या गॅसचा दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो, नाहीतर कॉम्प्रेसर जळू शकतो. विजेची तक्रार १९१२ या क्रमांकावर करता येते.

आता गॅस. हल्लीच्या अनेक फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन वापरतात. तो ओझोनला अपाय करत नाही, पण ज्वलनशील असतो. घरच्या फ्रीजमध्ये तो फार थोडा असल्याने रोजच्या वापरात धोका नाही. धोका तेव्हा, जेव्हा बर्फ काढायला कोणी चाकू किंवा स्क्रूड्रायव्हर घालून नळी फोडतं, किंवा माहिती नसलेला मेकॅनिक गॅस न काढता ज्योत लावतो. दुरुस्तीच्या वेळी लेबलवर कोणता गॅस लिहिला आहे ते मेकॅनिकला दाखवा.

आणि स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला तर? फ्रीज आपोआप चालू-बंद होतो आणि त्या वेळी ठिणगी पडू शकते. पण म्हणून घाईने फ्रीजचा प्लग काढू नका, त्यानेही ठिणगी पडते. कुठलंच बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर या. मेन स्विच घराबाहेर असेल तर तिथून वीज तोडा आणि बाहेरूनच १९०६ या गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन करा.

देखभाल: किती दिवसांनी काय?

आठवड्यातून एकदा: जुनं अन्न काढून टाका, सांडलेलं पुसा. फ्रीज गच्च भरू नका. आत हवा फिरली नाही तर एक कोपरा गोठतो आणि दुसरा तापतो. प्रकट दिन, रामनवमीला पाहुणे येतात तेव्हा ही चूक हमखास होते. त्या दिवसांत पाण्याच्या बाटल्या आणि शीतपेयं बाहेर काढून माठात किंवा बर्फाच्या टबात ठेवा, फ्रीज अन्नासाठी मोकळा करा.

महिन्यातून एकदा: प्लग काढून आतले कप्पे कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने पुसा. दाराच्या रबराच्या घड्या खास साफ करा, बुरशी तिथे धरते. खारं पाणी वापरत असाल तर शेवटी गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडं करा, नाहीतर पांढरे डाग राहतात.

रबराची परीक्षा: दहाची नोट दारात अडकवून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघाली तर त्या जागी रबर सैल आहे. चारही बाजूंनी तपासा. रबर बदलून मिळतं, त्यासाठी नवा फ्रीज लागत नाही.

बर्फाचा थर: डायरेक्ट कूल फ्रीजमध्ये थर पाच-सहा मिलिमीटर झाला की डिफ्रॉस्ट करा. जाड थर थंडावा अडवतो. बर्फ आपोआप वितळू द्या, घाई असेल तर आत कोमट पाण्याचं भांडं ठेवा.

तीन महिन्यांतून एकदा: मागे जाळी असेल तर प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडा. भिंतीपासून साधारण १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. बाजूचे पत्रे गरम होत असतील तर त्यांच्यावर कव्हर टाकू नका.

जुना फ्रीज काढताना

भारतात बनलेला पहिला फ्रीज गोदरेजने १९५८ मध्ये आणला. त्यानंतरच्या पिढ्यांमध्ये जुन्या फ्रीजचं कपाट करणं, तो अंगणात पडू देणं हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पण मुलं लपाछपी खेळताना बंद फ्रीजमध्ये शिरून गुदमरू शकतात. अशा मृत्यूंमुळे अमेरिकेत १९५६ मध्ये खास कायदा करून आतून दार उघडता येणं बंधनकारक केलं गेलं. म्हणून फ्रीज वापरातून काढला की त्याच दिवशी दार खोलून वेगळं करा.

फ्रीज हा ई-कचरा आहे. भंगारात घालताना नळी तोडली की आतला गॅस हवेत जातो. शक्य असेल तर नवीन घेताना एक्स्चेंजमध्ये द्या किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवा.

आणि तरीही पोट बिघडलंच तर

उलट्या-जुलाब सुरू झाले की सगळ्यात आधी शरीरातलं पाणी सांभाळायचं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदम मिसळा, घोट घोट द्या आणि २४ तासांनी उरलेलं टाका. शौचातून रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणं, सुस्ती किंवा पाणीही पोटात न टिकणं यापैकी काही दिसलं तर वाट बघू नका, दवाखाना गाठा. लहान मूल, गरोदर बाई आणि वयस्कर माणसाच्या बाबतीत तर आणखी लवकर.

थोडक्यात

- आत ५ अंशांच्या खाली, फ्रीजर उणे १८. थर्मामीटरने तपासा.
- उन्हाळ्यात शिजवलेलं अन्न एका तासात फ्रीजमध्ये.
- लाइन गेली की दार बंद. उन्हाळ्यात दोन तासांनंतर दूध आणि शिजवलेल्या अन्नाचा मोह सोडा.
- इन्सुलिन मधल्या कप्प्यात, कधीही गोठवू नका.
- तीन पिनांचा प्लग, तपासलेलं अर्थिंग, आरसीसीबी.
- शंका आली तर चाखू नका, टाका.